पहिले रिव्हॉल्व्हर: निवड, सराव आणि बाळगण्याची रीत

‘नवखे आहात ना, मग छोटेसे रिव्हॉल्व्हर घ्या’ हा सल्ला शस्त्रांच्या दुकानात आणि नेमबाजीच्या रेंजवर सर्रास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. रिव्हॉल्व्हर समजायला सोपे असते. सिलिंडर, म्हणजे काडतुसे ठेवायचा फिरता भाग, उघडला की ते भरलेले आहे की रिकामे, हे डोळ्यांनी दिसते. पिस्तुलासारखे मॅगझिन (गोळ्यांची डबी) नाही, स्लाइड (वरचा सरकता भाग) नाही. पण नेम लावून चालवायला ते अवघड असते आणि आकार जितका लहान, तितकी ही अडचण वाढत जाते. खिशात मावणारे पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर हे खरे तर मुरलेल्या हाताचे शस्त्र आहे. म्हणून आधी मध्यम आकाराच्या, वजनदार रिव्हॉल्व्हरवर हात बसवायचा आणि मग लहानाकडे वळायचे, असा क्रम मी इथे सांगणार आहे. जुन्या, अभिजात रिव्हॉल्व्हरांचा शौक लागलेल्यांसाठीही यात बरेच आहे, कारण जुने हत्यार तपासायची नजर नव्याच्या खरेदीतही उपयोगी पडते.

सगळ्यात आधी कायदा. शस्त्र लपवून बाळगण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि अमेरिकेसारख्या देशात ते राज्यागणिक बदलतात. कुठे ते पूर्ण निषिद्ध आहे, कुठे परवाना आणि प्रशिक्षण सक्तीचे आहे, कुठे परवान्याशिवायही चालते. तुम्ही राहता तिथला कायदा मुळातून वाचा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर किंवा मित्राच्या आठवणीवर विसंबू नका. स्वसंरक्षणासाठी बळाचा वापर कायद्याने कधी मान्य होतो, हेही त्याच वाचनात समजून घ्यायचे आहे. हा अभ्यास झाल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

पायरी १: यंत्र समजून घ्या

रिव्हॉल्व्हरच्या फ्रेममध्ये, म्हणजे मुख्य चौकटीत, एक फिरता सिलिंडर असतो आणि त्यात पाच, सहा, क्वचित सात-आठ चेंबर, म्हणजे घरे, असतात. प्रत्येक चेंबरमध्ये एक काडतूस. ट्रिगर ओढला की आतला एक छोटा दांडा, ज्याला हँड म्हणतात, सिलिंडरला एक घर पुढे ढकलतो. चेंबर नळीच्या रेषेत आले की खालून एक खिट्टी सिलिंडरच्या खाचेत बसते आणि त्याला जागच्या जागी पकडून ठेवते. मग हॅमर, म्हणजे काडतुसावर घाव घालणारा भाग, सुटतो आणि बार उडतो. रिव्हॉल्व्हरचे सगळे आरोग्य या वेळापत्रकावर अवलंबून असते. खिट्टी उशिरा बसली, तर गोळी नळीच्या मधोमध न शिरता कडेला घासते.

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि ट्रिगर फक्त तो सोडतो. डबल ॲक्शनमध्ये एकच लांब ओढ हॅमर मागे नेते, सिलिंडर फिरवते आणि शेवटी हॅमर सोडते. ही ओढ साधारण साडेचार ते साडेपाच किलोची असते. आता गणित पाहा. शस्त्राचे वजन चारशे ग्रॅम आणि त्याच्या ट्रिगरवर पाच किलोचा जोर. बोट जरा वाकडे पडले की नळी हलणारच. लहान रिव्हॉल्व्हर अवघड का, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे धक्क्यात आहे, त्याकडे काडतुसांच्या वेळी येऊ.

सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. बार उडताना त्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना जोरात बाहेर पडतात. ताकदवान काडतूस असेल तर तिथे आलेले बोट गंभीर जखमी होऊ शकते. पिस्तूल चालवणाऱ्यांना दोन्ही अंगठे पुढे रोखून धरायची सवय असते. ती सवय इथे मोडावीच लागते.

पायरी २: हाताळणी आणि सुरक्षितता

चार नियम पाठ हवेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजा. जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखू नका. साइट (नळीवरची नेम धरायची खूण) लक्ष्यावर स्थिर होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, फ्रेमला टेकवून ठेवा. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे, हे जाणून घ्या.

सिलिंडर उघडायची पद्धत कंपनीगणिक वेगळी असते. कोल्टची खिट्टी मागे ओढावी लागते, स्मिथ अँड वेसनची पुढे ढकलावी लागते, रुगरचे बटण आत दाबावे लागते. उघडल्यावर प्रत्येक चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. मगच ‘रिकामे’ म्हणा. सिलिंडर बंद करताना दुसऱ्या हाताने हळू आत दाबा. चित्रपटातल्यासारखा मनगटाला झटका देऊन तो आत फेकला की त्याला धरणारा क्रेन नावाचा भाग वाकतो आणि चांगले हत्यार कायमचे बिघडते. दुकानात कुणी असा झटका देताना दिसला, तर ते हत्यार विकत घेऊ नका.

रेंजवर ट्रिगर ओढला आणि नुसती ‘टिक’ झाली, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबा. कधीकधी काडतूस उशिरा पेट घेते. अशा वेळी घाईने पुन्हा ट्रिगर ओढला, तर ते काडतूस नळीसमोरून बाजूला सरकते आणि तिथे पेटले तर गोळीला बाहेर जायला वाट नसते. आवाज नेहमीपेक्षा दबका, फुसका आला तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यामागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते.

पायरी ३: वंशावळ थोडक्यात

सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत १८३६ साली पेटंट मिळवले. त्या काळी दारू आणि गोळी सिलिंडरच्या समोरून ठासावी लागत असे. आरपार भोक असलेल्या, मागून काडतूस भरता येणाऱ्या सिलिंडरचे पेटंट रोलिन व्हाइटकडे होते. त्याच्याशी करार करून स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये आपले पहिले मॉडेल आणले. ते पेटंट १८६९ मध्ये संपले आणि मग कोल्टचे १८७३ चे सिंगल ॲक्शन आर्मी आले. ते आजही बनते.

या जुन्या सिंगल ॲक्शनबद्दल एक गोष्ट जिवाशी येऊ शकते, म्हणून इथे थांबतो. त्यात उतरलेल्या हॅमरची टोकदार पिन थेट काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या भागावर, टेकते. हत्यार पडले किंवा हॅमरला धक्का बसला, तर बार उडू शकतो. म्हणून सहा घरांपैकी पाचच भरायची आणि हॅमरखाली रिकामे घर ठेवायचे, हा नियम आहे. १९७३ मध्ये रुगरने आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांत ट्रान्सफर बार बसवला. ट्रिगर पूर्ण मागे असेल तेव्हाच ही पट्टी वर येते आणि हॅमरचा घाव पिनपर्यंत पोहोचवते. त्याआधीच्या रुगरलाही पाच गोळ्यांचाच नियम लागू होतो, मूळ रचना बदलून घेतली नसेल तर.

बाजूला उघडणारा सिलिंडर कोल्टने १८८९ मध्ये आणला. १८९९ मध्ये स्मिथ अँड वेसनचे मिलिटरी अँड पोलिस आले. त्यालाच पुढे मॉडेल १० म्हणू लागले आणि त्याचे साठ लाखांहून अधिक नग बनले. लपवून बाळगण्याच्या दृष्टीने खरी सुरुवात १९२७ च्या कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशलपासून होते. दोन इंची नळी आणि सहा गोळ्या. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने त्याहून बारीक, पाच गोळ्यांचे चीफ्स स्पेशल काढले, आणि त्याची जे फ्रेम (कंपनीच्या लहान चौकटीचे नाव) आजही या वर्गाचा मापदंड आहे. १९५२ च्या सेंटेनियलमध्ये हॅमर फ्रेमच्या आतच लपवला गेला. १९६५ च्या मॉडेल ६० ने स्टेनलेस पोलाद आणले. अंगावर बाळगायचे हत्यार घामाने गंजते, त्यामुळे हा बदल दिसतो त्यापेक्षा फार मोठा होता. २००९ मध्ये रुगरचे एलसीआर आले, त्याचा मुठीकडचा भाग पॉलिमरचा आहे. २०१६ मध्ये किंबरने लहान आकारात सहा गोळ्या बसवलेले के६एस आणले. १९५५ साली आलेले आणि २००५ मध्ये थांबलेले कोल्ट पायथन २०२० मध्ये नव्या रचनेत परतले.

पायरी ४: काडतूस ठरवा

.३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांच्यात गोळीचा व्यास सारखाच असतो. मॅग्नमची पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) सुमारे साडेतीन मिलिमीटरने जास्त लांब असते, जेणेकरून ती .३८ च्या चेंबरमध्ये पूर्ण शिरू नये. म्हणून .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमधून .३८ स्पेशल चालते, उलटे चालत नाही. ‘प्लस पी’ असे लिहिलेली .३८ काडतुसे जास्त दाबाची असतात. जुन्या आणि काही ॲल्युमिनियम फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरांना ती सोसत नाहीत. नळीवरचा मजकूर आणि निर्मात्याची पुस्तिका पाहूनच भरा.

माझे मत स्पष्ट आहे. बाळगण्याच्या लहान रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलच भरावे, नळीवर .३५७ लिहिलेले असले तरी. चारशे ग्रॅमच्या हत्यारातून मॅग्नम झाडली की हाताला असह्य दणका बसतो, डोळ्यांसमोर मोठी ज्वाळा येते आणि दुसरा नेम धरायला फार वेळ लागतो. दोन इंची नळीत त्या दारूचा मोठा भाग बाहेर हवेतच जळतो, त्यामुळे वेगात होणारी वाढही कागदावर दिसते तेवढी मिळत नाही. शिवाय फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि सिलिंडर अडतो. नव्या ब्रँडची काडतुसे घेतली की एक चाचणी करा: चार झाडा, पाचवे बाहेर काढून न वापरलेल्या काडतुसाशी लांबी ताडून पाहा.

ज्यांना .३८ चाही धक्का जास्त वाटतो, त्यांनी १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) वॅडकटर काडतुसे वापरून पाहावीत. गोळीचे तोंड सपाट असते, वेग कमी असतो, धक्का सौम्य. लहान नळीतून ती चांगली नेमात जातात. .३२ एच अँड आर मॅग्नम हाही सौम्य आणि समंजस पर्याय आहे. .३२७ फेडरल मॅग्नमसाठी बनलेल्या रिव्हॉल्व्हरमधूनही तो चालतो आणि लहान सिलिंडरमध्ये पाचाऐवजी सहा गोळ्या बसतात. .२२ हे सरावासाठी उत्तम. संरक्षणासाठी त्याची एक अडचण अशी की कडेवर आघात होणारी ही काडतुसे टोपीवाल्या काडतुसांपेक्षा जास्त वेळा फुसकी निघतात.

नावांच्या गोंधळापासून सांभाळा. .३८ एस अँड डब्ल्यू आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसे आहेत आणि पहिल्याची पुंगळी जाड असते. दुसऱ्या महायुद्धातली, ब्रिटिश सैन्यासाठी बनलेली काही रिव्हॉल्व्हरे नंतर .३८ स्पेशलसाठी खोदून विकली गेली. त्यांच्या चेंबरमध्ये पुंगळ्या फुगतात आणि कधी चिरतात. तसेच .४५५ वेब्लीचे सिलिंडर घासून त्यात .४५ एसीपी बसवलेले आढळतात. त्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त आहे. असे हत्यार शोभेला ठेवा, त्यातून झाडू नका.

पायरी ५: पहिले कोणते, दुसरे कोणते

पहिले रिव्हॉल्व्हर चार इंची नळीचे, पोलादी, मध्यम फ्रेमचे घ्या. स्मिथ अँड वेसनची के किंवा एल फ्रेम, रुगरचे जीपी१०० ही नावे डोळे झाकून सांगता येतील. वजन साडेनऊशे ग्रॅम ते सव्वा किलो. ते पोटाशी लपणार नाही असे वाटेल. चांगल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे शस्त्राच्या म्यानात, आणि सैल सदऱ्याखाली ते लपतेही, पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की त्यावर डबल ॲक्शनची ओढ शिकता येते, कारण वजनामुळे ते हातात स्थिर राहते आणि दोन साइटमधले अंतर मोठे असल्याने चूक लगेच दिसते.

डबल ॲक्शनमध्ये सात मीटरवर तळहाताएवढ्या वर्तुळात सातत्याने गोळ्या जाऊ लागल्या की लहानाकडे वळा. तिथे वजन हाच मुख्य सौदा आहे. स्मिथ अँड वेसनचे ॲल्युमिनियम फ्रेमचे मॉडेल ६४२ सुमारे ४१० ग्रॅमचे आहे, .३८ मधले एलसीआर ३८० च्या आसपास. जुने पोलादी मॉडेल ३६ साधारण ५५० ग्रॅम, किंबर के६एस साडेसहाशे, रुगर एसपी१०१ सातशेच्या थोडे वर. खिशासाठी पहिली दोन. कमरेसाठी मी बिनदिक्कत पोलादी घ्यायला सांगेन. दिवसभर बाळगताना दोनशे ग्रॅमचा फरक पट्टा आणि होल्स्टर पेलतात, पण झाडताना तोच फरक तुमचा हात वाचवतो. हलके रिव्हॉल्व्हर घेणारे त्यावर सराव टाळतात, कारण दुखते. सराव टळला की ते बाळगून उपयोग नाही.

हॅमर उघडा असावा की लपलेला? बाळगण्यासाठी लपलेला. उघड्या हॅमरचे टोक कपड्यात अडकते. लपलेल्या हॅमरचे रिव्हॉल्व्हर मुठीत अधिक वर धरता येते आणि धक्क्याने नळी कमी उसळते. हॅमर अंगठ्याने ओढून हलक्या ट्रिगरवर नेम धरण्याची सोय जाते, पण संरक्षणात ती सोय वापरूच नये. ताणाखाली थरथरत्या बोटाखाली दीड किलोचा ट्रिगर असणे धोक्याचे आहे.

मूठही बदलून पाहा. लहान रिव्हॉल्व्हरच्या मूळ मुठीवर करंगळी अधांतरी राहते. थोडी लांब रबरी मूठ धक्का कमी करते, पण रबराला कपडा चिकटतो आणि आकार उघडा पडतो. खिशात बाळगायचे तर गुळगुळीत लाकडी किंवा कडक प्लास्टिकची मूठ बरी.

पायरी ६: जुने घेताना तपासणी

इथे घाई करू नका. विकणाऱ्याची परवानगी घ्या, रिकामे असल्याची दोघांनी खात्री करा आणि मग सुरू करा.

पहिले वेळापत्रक. सिलिंडरवर बोटाचा अगदी हलका अटकाव ठेवून हॅमर अंगठ्याने सावकाश मागे न्या. हॅमर पूर्ण ताणला जाईपर्यंत सिलिंडर खिट्टीत बसल्याचा आवाज यायला हवा. प्रत्येक चेंबरवर हे वेगळे करून पाहा, कारण झीज बहुधा एका-दोन घरांतच असते. हॅमर ताणलेला असताना, बोट ट्रिगरपासून दूर ठेवून, अंगठ्याने त्याला पुढे रेटा. तो सुटला तर ते हत्यार धोकादायक आहे.

मग ढिलाई. सिलिंडर बाजूला हलवून पाहा. स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित हालचाल चालते. जुन्या कोल्टची परीक्षा वेगळी. ट्रिगर मागे दाबून धरल्यावर त्याचा सिलिंडर अगदी घट्ट, जराही न हलणारा असावा, तीच त्याची ख्याती आहे. पण त्या घट्टपणाची किंमत हँडच्या झिजेने मोजावी लागते आणि जुना पायथन दुरुस्त करणारे जाणते कारागीर आता कमी आहेत. खूप झाडलेला स्वस्त पायथन हा सौदा नसतो. यानंतर सिलिंडर पुढे-मागे सरकवून पाहा. जाणवेल न जाणवेल इतकीच हालचाल असावी. नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर योग्य. दोन्ही बाजूंना फट सारखी नसेल, तर क्रेन वाकलेला असण्याचा संशय घ्या.

नळीत टॉर्च मारा. आत काळसर कडे दिसले, तर तिथे कधीतरी गोळी अडकून नळी फुगलेली असते. नळीचे मागचे तोंड, जिथून गोळी आत शिरते, त्याला फोर्सिंग कोन म्हणतात. ते तडा गेलेले नाही ना, हे भिंगातून पाहा. विशेषतः स्मिथ अँड वेसन मॉडेल १९ मध्ये. के फ्रेमवर मॅग्नम बसवताना या तोंडाची खालची बाजू सपाट घासावी लागली होती आणि हलक्या, वेगवान १२५ ग्रेनच्या गोळ्यांचा भडिमार झाला की तडा नेमका तिथेच जातो. १९८० मध्ये कंपनीने थोडी मोठी एल फ्रेम आणली. ही अडचण सोडवणे हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. मॉडेल १९ सुंदर आहे. घ्या, पण त्याला बहुतांश .३८ खाऊ घाला.

शौकिनांसाठी आणखी थोडे. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या असतील, तर कुणीतरी अडाणी हाताने आत शिरले आहे. कोरलेली अक्षरे पुसट आणि कडा गोलावलेल्या असतील, तर हत्यार घासून पुन्हा निळे केलेले, म्हणजे पोलादावर निळा थर नव्याने चढवलेले आहे. संग्राहकांच्या बाजारात त्याची किंमत खूप घसरते. झिजलेला पण मूळ रंग चकचकीत नव्या रंगापेक्षा मोलाचा असतो. फ्रेम, सिलिंडर आणि नळीवरचे क्रमांक जुळतात का पाहा. जुन्या नगांबाबत कोल्टच्या अभिलेखागारातून आणि स्मिथ अँड वेसनच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून त्या विशिष्ट क्रमांकाचे हत्यार कधी आणि कुठे पाठवले गेले, याचे पत्र शुल्क भरून मिळू शकते. काळ्या दारूच्या जमान्यातली, म्हणजे ढोबळपणे १९०० च्या आधीची, रिव्हॉल्व्हरे आजच्या धूरविरहित काडतुसांसाठी बनलेली नाहीत. त्यातून झाडायचा मोह आवरा.

पायरी ७: सराव

रिव्हॉल्व्हरचा सराव घरी, काडतुसांशिवाय सुरू होतो. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, सिलिंडर दोनदा तपासा, भक्कम भिंतीकडे तोंड करा. चेंबरमध्ये स्नॅप कॅप, म्हणजे खोटी काडतुसे भरा. .२२ च्या रिव्हॉल्व्हरला ती अत्यावश्यक आहेत, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होतात.

मूठ शक्य तितकी वर धरा. दुसऱ्या हाताचा अंगठा पहिल्याच्या अंगठ्यावर आडवा बसवा. ट्रिगर सलग, एकाच वेगाने ओढा. मध्येच थांबून ‘आता सुटेल’ असा अंदाज घेत शेवटचा हिसका देण्याची सवय लागू देऊ नका, ताणाखाली ती नेमका घात करते. पुढच्या साइटवर रिकामी पुंगळी किंवा नाणे ठेवून ओढा. ते न पडता हॅमर सुटला की हात बसू लागला. आणि प्रत्येक ओढीनंतर ट्रिगर पूर्ण पुढे येऊ द्या. पिस्तुलाच्या सवयीने अर्ध्यातूनच पुन्हा ओढला, तर सिलिंडर अडतो किंवा एक घर हुकते.

रेंजवर पाच मीटरपासून सुरुवात करा. सिलिंडरमध्ये मधूनमधून एखादी स्नॅप कॅप न पाहता भरून घ्या. ती आली आणि नळी खाली डुचमळली, तर तुम्ही धक्क्याच्या भीतीने आधीच हात दाबत आहात. सत्राच्या अखेरीस हात थकले की थांबा. दुखऱ्या हाताने केलेला सराव फक्त दचकणे शिकवतो.

पुन्हा भरण्याचा सराव वेगळा करा. सिलिंडर उघडून नळी सरळ आकाशाकडे करा आणि तळहाताने इजेक्टर रॉडवर, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्यावर, एकच ठाम दणका द्या. नळी आडवी असताना हळू दाबले, तर एखादी पुंगळी ताऱ्याच्या आकाराच्या इजेक्टरखाली शिरते आणि ती काढायला बराच वेळ जातो. लहान नळीच्या रिव्हॉल्व्हरचा रॉड आखूड असल्याने पुंगळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत, म्हणून दणका जोरातच हवा. मग नळी जमिनीकडे करून भरा. गोल स्पीडलोडर पाचही काडतुसे एकदम बसवतो पण खिशात फुगतो. रबरी पट्टीवरची स्पीड स्ट्रिप सपाट राहते, हळू चालते. मी बाळगण्यासाठी पट्टी आणि सरावासाठी दोन्ही सुचवेन.

पायरी ८: अंगावर बाळगणे

होल्स्टरशिवाय बाळगायचे नाही. खिशातही नाही. होल्स्टरने ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकला पाहिजे, कपडे घालता-काढता हत्यार पडता कामा नये आणि मूठ पहिल्याच झटक्यात पूर्ण हातात आली पाहिजे. खिशातल्या होल्स्टरच्या सोबत त्याच खिशात किल्ल्या, नाणी, काहीही ठेवू नका. कमरेसाठी जाड, न मुडपणारा पट्टा घ्या, कारण लोंबणारे होल्स्टर हत्यार उघड करते. घोट्यावरचे होल्स्टर बसल्या जागी सोयीचे असते, उभे असताना किंवा चालताना फार संथ.

आठवडाभर रिकामे हत्यार घरात बाळगून पाहा. वाका, बसा, जिना चढा, वरच्या फळीवरची वस्तू काढा. कुठे टोचते, कुठे सदरा वर सरकतो, हात सारखा तिकडे जातो का, हे तिथेच कळते. परत होल्स्टरमध्ये घालताना घाई कधीच नको. बोट बाहेर, कपडा बाजूला, नजर होल्स्टरच्या तोंडावर. उघडा हॅमर असेल तर त्यावर अंगठा ठेवा. ट्रिगरमध्ये काही अडकले तर हॅमर उठताना अंगठ्याला लगेच कळते.

घरी आल्यावर ते कुलूपबंद पेटीत गेले पाहिजे. उशीखाली, कपाटातल्या कपड्यांत लपवलेले हत्यार मुलांना सापडते. आणि घरातले कुणी खोल निराशेतून जात असेल, तर ते हत्यार त्या काळापुरते घराबाहेर, कायद्याने परवानगी असलेल्या सुरक्षित जागी ठेवा. ही गोष्ट मी इतर सगळ्या सूचनांपेक्षा वरची मानतो.

पायरी ९: निगा

झाडल्यावर नळी आणि प्रत्येक चेंबर ब्रशने साफ करा. .३५७ मध्ये बरीच .३८ झाडली असतील, तर चेंबरमध्ये जळक्या दारूचे कडे साचते आणि मग लांब मॅग्नम काडतूस आत पूर्ण बसत नाही. इजेक्टरच्या ताऱ्याखालची जागा जुन्या टूथब्रशने घासा. दारूचा एक न जळलेला कण तिथे राहिला की सिलिंडर जड फिरतो किंवा बंदच होत नाही. त्या जागी तेल मात्र नको, त्याला कचरा चिकटतो. टायटॅनियमच्या सिलिंडरवर खरखरीत पावडर किंवा पॅड वापरू नका, वरचा संरक्षक थर जातो.

बाजूची प्लेट उघडायची असेल तर स्क्रूच्या खाचेत अचूक बसणारा पेचकस हवा. प्लेट कधीही उचकटायची नसते. स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने हलके ठोकले की ती आपोआप वर येते. याची सवय नसेल तर ते काम कारागिराकडे सोपवा.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार महिनोन्‌महिने ठेवू नका. चामडे ओल धरते आणि निळ्या पोलादावर गंज चढतो. रोज बाळगत असाल तर आठवड्यातून एकदा खिशातला धुरळा पुसा, इजेक्टर रॉड हाताने घट्ट आहे का पाहा, कारण तो सैल होऊन पुढे आला की सिलिंडर उघडतच नाही. बाळगायची काडतुसे वर्षातून एकदा रेंजवर झाडून संपवा आणि नवी भरा. भरण्याआधी प्रत्येक काडतूस चेंबरमध्ये सहज पूर्ण बसते ना, हे पाहून घ्या.